बहरीनचं 500 फिल्सचं नाणं आता चालत नाही का? मामांनी दिलेल्या नाण्यांचं काय करू?

तुम्ही विचारलंय की मामा बहरीनहून परत आले, त्यांनी दिलेल्या चिल्लरमध्ये एक मोठं दोन रंगांचं 500 फिल्सचं नाणं आहे, ते कुणी ओळखीचं तिकडे जात असेल तर त्याच्याकडे देऊन खर्च करता येईल का. तर नाही, ते नाणं 2011 पासून चलनातून काढून घेतलंय, दुकानात कुणी घेणार नाही. पण कृपा करून ते कुणाला देऊन टाकू नका.

मी मनामात (बहरीनच्या राजधानीत) बरीच वर्षं एका कोल्ड स्टोअरच्या गल्ल्यावर बसायचो (तिकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला कोल्ड स्टोअरच म्हणतात), त्यामुळे ही नाणी रोज हातातून जायची. 500 वाल्यावर बघा, सहा वाकडे खांब वर जाऊन एक गोळा धरून उभे आहेत. ते मोत्याचं स्मारक, 1982 साली आखाती देशांची परिषद बहरीनमध्ये भरली तेव्हा बांधलेलं, सहा खांब म्हणजे परिषदेतले सहा देश, जहाजाच्या शिडांसारखे, आणि वर मोती. 2011 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सरकारविरोधी निदर्शनं झाली ती नेमकी ह्याच चौकात, आणि 18 मार्चला सरकारने ते स्मारकच पाडून टाकलं, मग त्याचं चित्र असलेलं नाणंही गेलं. त्याची जागा अर्ध्या दिनारच्या, म्हणजे 500 फिल्सच्याच, नोटेने घेतली. म्हणजे जे स्मारक आज जमिनीवर नाही ते तुमच्या हातात आहे, म्हणून म्हणतो जपा.

बाकीची नाणी चालू आहेत. 5 आणि 10 फिल्सवर खजुराचं झाड, 50 वर शिडाचं जहाज, 100 वर राजचिन्ह, हेही दोन धातूंचं. हजार फिल्सचा एक दिनार होतो आणि एक दिनार म्हणजे साधारण 2.65 डॉलर, त्यामुळे तिथे चिल्लरलाही किंमत आहे, 100 फिल्सचं नाणं घेऊन सकाळी बेकरीत गेलं की गरम खुबूस (तिकडची रोटी) मिळायचे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते 25 फिल्सचं. त्यावर दिलमुनचा शिक्का आहे. दिलमुन म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीची तिथली संस्कृती, मेसोपोटेमिया आणि सिंधू खोरं यांच्यामधला व्यापार ह्या बेटावरून चालायचा, आणि व्यापारी मालावर असे छोटे गोल दगडी शिक्के उमटवायचे. त्याच आखाती धाटणीचा एक शिक्का आपल्याकडे गुजरातेत लोथलला सापडलाय. इतक्या छोट्या देशाने आपल्या इतक्या हलक्या नाण्यावर इतकी जुनी गोष्ट कोरली, हे मला फार भारी वाटतं, आणि लोक ते नाणं न बघताच खिशात टाकतात याचं वाईट वाटतं.

आणि आपला संबंध तर अजून जवळचा आहे. 1965 पर्यंत बहरीनचं स्वतःचं नाणंच नव्हतं, तिथे रुपया चालायचा, भारताचाच! आखातातले मोती मुंबईच्या बाजारात यायचे, व्यापार सगळा रुपयात. नंतर रुपये देऊन तिकडून सोनं चोरून आणायचं प्रमाण फार वाढलं म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, नंबरआधी झेड असलेल्या नोटा काढल्या, त्या भारतात चालायच्या नाहीत. नोटा वेगळ्या पण चिल्लर आपलीच, म्हणजे मनामाच्या बाजारात भारताचे 'नवे पैसे' (दशमान पद्धतीतली आपली नाणी) खुळखुळत होते. 1965 ला दिनार आला तो 10 रुपयांना एक ह्या दराने, म्हणजे एक रुपया बरोबर 100 फिल्स, आणि म्हणून जुनी बहरीनी माणसं अजूनही 100 फिल्सच्या नाण्याला रुपयाच म्हणतात. पुढच्याच वर्षी, जून 1966 मध्ये, भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, तेव्हा बहरीन आधीच बाहेर पडलेलं होतं.

आता तुमच्या नाण्यांवरचं इंग्रजी वाचा. 'स्टेट ऑफ बहरीन' असेल तर ते 2002 च्या आधीचं, 'किंगडम' असेल तर नंतरचं, कारण 2002 च्या फेब्रुवारीत तिथले अमीर, म्हणजे शासक, राजे झाले आणि देश राजेशाही झाला. शिवाय हिजरी आणि इसवी अशी दोन्ही वर्षं दिलेली असतात. 500 वालं 2000 साली आलं, म्हणजे ते जेमतेम अकरा वर्षं चाललं, त्यातलं तुमचं 'स्टेट' वालं आहे का 'किंगडम' वालं ते बघून खाली कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि चकचकीत करायला ब्रासो, चिंच, लिंबू काही लावू नका, दोन धातूंचं नाणं त्याने डागाळतं, नुसतं मऊ कापडाने पुसून कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि मामांना विचारून कुठल्या वर्षी, कुठे मिळालं ते त्या पाकिटावर लिहून टाका.