सभेत माना डोलतात, घरी काहीच बदलत नाही

प्रश्न : पाणी उकळून पिण्याबद्दल आम्ही वस्तीत तीन सभा घेतल्या, पत्रकं वाटली. सगळे 'हो' म्हणतात, पण करत कोणीच नाही. कुठे चुकतं?

उत्तर : माहिती कमी पडत नाहीये, म्हणून चौथी सभा घेऊ नका. पेरू देशातल्या लॉस मोलिनोस गावात दोन वर्षं हाच प्रचार चालला होता. सुमारे 200 कुटुंबांपैकी जेमतेम 11 गृहिणींनी सवय बदलली. कारण तिथल्या समजुतीनुसार उकळलेलं पाणी आजाऱ्यानं प्यायचं. धडधाकट माणसानं ते पिणं विचित्र दिसे. जंतूंवरचं व्याख्यान या समजुतीला स्पर्शही करत नव्हतं. शिवाय गावात ज्यांच्या शब्दाला वजन होतं, त्यांच्यापर्यंत कार्यकर्ती पोहोचलीच नव्हती.

आधी सहा-आठ जणांच्या गटांत बसा; बायका, वडीलधारे, तरुण वेगवेगळे. सर्वांसमोर विरोध करणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून सभेतला 'हो' बहुधा फक्त शिष्टाचार असतो. 'तुम्ही का करत नाही?' असं विचारलंत तर लोक बचावात जातात. 'इथं उकळलेलं पाणी कोण पितं, कधी?' असं विचारा. सरपण, वेळ, पाण्याची चव, सासूचं मत, सगळं बाहेर येईल. आजारपणात सल्ला कोणाचा घेतात, हेही विचारा. तीच नावं पुन्हापुन्हा आली की तुमचा खरा निरोप्या सापडला. तो बहुतेकदा पदाधिकारी नसतो.

पत्रक छापण्याआधी आठ-दहा जणांना दाखवा. 'समजलं का?' नको, 'शेजारणीला कसं सांगाल?' विचारा.