दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी थ्रीडी चित्र कशाला?

प्रश्न : बाबांच्या (वय ६४) उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला दीड सेंटिमीटरची गाठ आहे. बायोप्सीत कॅन्सर निघाला. सर्जन म्हणतात, थ्रीडी चित्र बनवून मग दुर्बिणीतून ऑपरेशन करू. म्हणजे पुन्हा सीटी स्कॅन, पुन्हा खर्च? बाबांना तरुणपणी टीबी झाला होता, तेही सांगायला हवं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, टीबीचं आजच फोन करून सांगा. टीबी बरा झाला तरी फुफ्फुस छातीला आतून चिकटलेलं असू शकतं, कडक झालेल्या लिम्फच्या गाठी (कॅन्सरची गाठ नव्हे, शरीरात सगळ्यांनाच असतात त्या छोट्या ग्रंथी) धमनीला धरून बसलेल्या असतात. थ्रीडी चित्रात धमनी सुरेख दिसते, पण ती किती चिकटली आहे ते नीट कळत नाही. म्हणून ऐनवेळी छाती उघडावी लागली, तर सर्जन चुकले असं कृपया समजू नका. त्यात बाबांची सुरक्षितता आहे.

नवा सीटी लागेलच असं नाही. आधीचा सीटी कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन, साधारण १ मिलिमीटरच्या पातळ कापांनी काढला असेल, तर त्याच्यावरूनच कॉम्प्युटर चित्र बनवतो. त्यासाठी सीडी न्या. माझ्या ओपीडीत नातेवाईक पिशवीभर फिल्म आणतात आणि सीडी घरी राहते! फिल्मवरून हे चित्र बनत नाही.

आता ते कशाला? उजव्या फुफ्फुसात ३ लोब (मोठे भाग) आणि त्यांचे मिळून १० सेगमेंट (लोबचे छोटे भाग) असतात. प्रत्येक सेगमेंटची श्वासनलिका आणि धमनी वेगळी, आणि या फांद्या माणसागणिक बदलतात. तीन-चार सेंटिमीटरच्या छेदातून छोटी गाठ बोटांना लागत नाही. त्यात ऑपरेशनच्या वेळी ते फुफ्फुस मिटवलेलं असतं. मी आदल्या संध्याकाळी चित्र सगळीकडून फिरवून बघते : कोणती फांदी कापायची, कोणती शीर जपायची, गाठीभोवती निरोगी भाग किती सुटतो. ऑपरेशन चालू असताना तेच चित्र शेजारच्या स्क्रीनवर असतं.

या तयारीमुळे अख्खा लोब न काढता फक्त सेगमेंट काढणं जमू शकतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या चाचणीत १,१०६ रुग्ण होते, गाठी २ सेंटिमीटरपर्यंतच्या आणि फुफ्फुसाच्या बाहेरच्या भागातल्या. पाच वर्षांनी सेगमेंट काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के हयात होते, लोब काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. तेव्हा सर्जनना स्पष्ट विचारा : बाबांची गाठ बाहेरच्या भागात आहे का, लिम्फच्या गाठी स्वच्छ, म्हणजे कॅन्सर न पोचलेल्या, आहेत का, आणि सेगमेंटवर भागेल का?