आधी इंजेक्शन, मग मांजराचं बघू

प्रश्न : ताई, आम्ही कल्याणला चौथ्या मजल्यावर राहतो, टू बीएचके आहे. मुलगी अडीच वर्षांची. तिला प्राणी आवडतात म्हणून पाच दिवसांपूर्वी बहिणीच्या सोसायटीतलं एक वर्षभराचं मांजर घरी आणलं. पण ती माऊ दिवसभर वॉशिंग मशीनच्या मागे बसून असते आणि रात्री ओरडते. काल मुलगी शेपटी धरून तिला बाहेर ओढत होती तेव्हा तिने हातावर ओरखडा काढला, थोडं रक्त आलं, सासूबाईंनी हळद लावली. आता त्या म्हणतात मांजराचे केस पोटात जाऊन पोरीला दमा होईल, आणि नवरा म्हणतो रविवारी मच्छी मार्केटला सोडून येतो. काय करू?

उत्तर :

अगं, बाकीचं सगळं नंतर वाच, आधी लेकीला घेऊन दवाखान्यात जा, आजच. जायच्या आधी ती हळद धुऊन टाक, नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून चांगली पंधरा मिनिटं जखम धू, काल ओरखडलं असलं तरी धू. मांजराच्या ओरखड्यातूनसुद्धा रेबीज होऊ शकतो, आणि लक्षणं दिसायला लागली की त्यावर उपाय नाही, म्हणून इथे "बघू दोन दिवस" चालतच नाही. रक्त आलंय म्हणजे लसीसोबत जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागू शकतं, ते डॉक्टरांना स्वतःहून विचार. सरकारी आणि महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये ही लस फुकट मिळते, तिथे बहुतेक पहिल्या दिवशी (तो दिवस शून्य धरायचा), मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात, एकही तारीख चुकवू नकोस. धनुर्वाताचं पण विचारून घे.

आणि हे नवऱ्याला नक्की सांग. ओरखडल्यापासून १० दिवस मांजरावर नजर ठेवायची असते, ती नीट खातेय का, वागण्यात काही फरक पडला का, आजारी तर नाही ना. पुढच्या डोसचं काय करायचं ते ठरवताना डॉक्टर हे विचारतात. रविवारी मार्केटला सोडून आलात तर नजर ठेवणार कोणावर? म्हणजे तिच्यावर दया दाखवायचा प्रश्न बाजूला ठेवला तरी लेकीसाठीच ती सध्या घरात हवी.

आता मांजराचं. मला तुझं पत्र वाचून तिच्यात काहीही खोट दिसत नाही. एक वर्षाची मांजर, मोकळ्या सोसायटीत वाढलेली, एकदम फ्लॅटमध्ये आली, सगळे वास अनोळखी, आणि त्यात एक लहान मूल शेपटी ओढतंय. बालवाडीच्या पहिल्या दिवशी पोरं दाराला धरून रडतात ना, तसंच आहे हे, पाच दिवस म्हणजे काहीच नाही. वॉशिंग मशीनच्या मागची जागा ही तिने शोधलेली एकुलती एक जागा होती आणि तिथूनही तिला ओढलं, मग पळायला वाट नाही म्हटल्यावर नखं काढणारच. पोरीची पण चूक नाही, अडीच वर्षांच्या मुलाला कितीही समजावलं तरी ते दुसऱ्या मिनिटाला विसरतं, म्हणून हे काम तुमचं मोठ्यांचं आहे आणि ते घरातल्या सगळ्यांनी धरायला पाहिजे, एकट्या तुझ्यावर टाकून नाही.

एक बेडरूम काही दिवस मांजराला देऊन टाक. एका कोपऱ्यात खाणं-पाणी, त्याच्यापासून लांब दुसऱ्या कोपऱ्यात शी-सूचा टब (पेट शॉपमध्ये मांजराच्या टबात घालायची 'लिटर' नावाची रेती मिळते ती घे नाहीतर साधी बारीक रेती, पण रोज साफ करायचं), एक पुठ्ठ्याचा खोका आडवा टाकून लपायला, आणि कपाटावर चढता येईल अशी सोय. उंचावर जागा मिळाली की मांजरं निम्मी शांत होतात, खाली काय चाललंय ते दिसतं आणि पोरीचा हातही पोचत नाही. दार बंद. तू जाऊन नुसती जमिनीवर बस, मोबाईल बघ, तिच्याकडे टक लावून बघू नकोस, ती येईल तेव्हा येईल. पोरीचा वापरलेला फ्रॉक त्या खोलीत ठेव म्हणजे वासाची ओळख होते. ती खायला लागली, अंग चाटायला लागली, तुझ्या पायाला घासायला लागली की मग दार थोडं थोडं उघड. दीड दिवस काहीच खाल्लं नाही तर मात्र थांबू नकोस, व्हेटकडे ने, मांजरं उपाशी राहिली की लिव्हरवर येतं.

भेट घडवायची ती पोरीचं पोट भरलेलं असताना, ती तुझ्या मांडीवर, पाचच मिनिटं. मांजराने यायचं, पोरीने जायचं नाही, एवढा एकच नियम. जवळ आली तर तुझा हात पोरीच्या हातावर ठेवून डोक्यावरून पाठीवर एकदा फिरव, पोट आणि शेपटीला हात नाही. शेपूट आपटायला लागली, कान मागे गेले, की लगेच पोरीला उचल आणि दुसरीकडे ने. फोटोसाठी मांजर तिच्या कुशीत कोंबू नका, प्लीज, पाहुणे आले की हे फार होतं. दोघींना एकटं सोडायचं नाही, अगदी कुकर बंद करायला गेलीस तरी पोरीला घेऊन जा. आणि मांजराला मारायचं नाही, पाणी उडवायचं नाही, नाहीतर पोरगी दिसली की मार बसतो एवढंच ती शिकेल.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नकोस, त्या नातीच्या काळजीनेच बोलतायत. पोटात केस जाऊन दमा होत नाही, पण काही जणांना मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रोटीनची ऍलर्जी असते आणि ज्यांना आधीच दमा आहे त्यांचा त्याने वाढू शकतो. म्हणून मांजर पोरीच्या अंथरुणात नको, हात धुवायचे, आणि पोरीला शिंका, खोकला, धाप असं काही दिसलं तर सरळ डॉक्टर. त्यांना घरात एक काम दे, बिनमीठ-मसाल्याचं उकडलेलं चिकन मांजराला त्यांनी घालावं, बघ कशी पटकन ओळख होते. फक्त दूध नको सांग, बऱ्याच मांजरांना त्याने जुलाब होतात. आणि ताप आल्यावर मुलांना देतो ती पॅरासिटामॉल मांजराला कधीच द्यायची नाही, तिच्यासाठी ते विष आहे.

व्हेटकडे जंताचं औषध, तिची रेबीजची आणि मांजरांची बाकीची लस, नखांची टोकं कापणं आणि पिल्लं होऊ नयेत म्हणूनचं ऑपरेशन कधी करायचं ते विचारून ये. ती रात्री ओरडते ते माजावर आल्यामुळेही असू शकतं.

रविवारी नवऱ्याला सुट्टी आहे ना, मग त्या दिवशी खिडक्या आणि गॅलरीला जाळी बसवून घ्या, चौथा मजला आहे, कबुतरामागे उडी मारली की संपलं, आणि पोरीसाठीही ती जाळी हवीच. त्याच्याकडून दोन-तीन महिने मागून घे. इतकं सगळं करूनही मांजर पोरीच्या अंगावर धावून येत असेल, तर लहान मूल नसलेलं ओळखीतलं घर शोध, बहिणीला आत्तापासूनच विचारून ठेव. पण मार्केटला नाही. घरी आणलेलं जनावर तिथल्या कुत्र्यांमध्ये टिकत नाही.