आजोबांचा आगफा क्लिक थ्री अजून चालेल का, आणि त्यात कुठला रोल टाकायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की दांडिया बाजारातलं जुनं घर आवरताना माळ्यावर आजोबांचा आगफा क्लिक थ्री मिळाला, चामड्याच्या केससकट, आता त्यात रोल टाकून फोटो काढायचेत, नवरात्रात गरब्याचे पण काढायचेत, आणि इन्स्टाग्रामवर पोर्ट्रा, सिनेस्टिल, एक्टाक्रोम अशा फिल्मची नावं बघून बघून डोकं चक्रावलंय, तर नेमकी कुठली फिल्म घ्यायची. मी बडोद्यातच राहतो, जुने कॅमेरे वापरतो, ब्लॅक अँड व्हाइट रोल घरीच धुतो (म्हणजे डेव्हलप करतो), त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी, कॅमेरा अजून उघडला नसेल तर उघडू नका. मागे एक छोटी लाल खिडकी असते, तिच्यात बघा. नंबर किंवा कागद दिसला तर आत रोल आहे, आणि तो आजोबांनी अर्धवट काढलेला रोल असू शकतो. चावी जोर न लावता पूर्ण फिरवत राहा, कागद संपून ती मोकळी फिरायला लागली की खोलीत अंधार करून रोल काढा, सुटू नये म्हणून चिकटपट्टी लावा आणि फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. अशा चाळीस-पन्नास वर्षं पडून राहिलेल्या ब्लॅक अँड व्हाइट रोलवर कधीकधी धूसर का होईना पण चेहरे निघतात, मी स्वतः बघितलंय, त्यामुळे ही घाई अजिबात करू नका. खिडकीत काहीच दिसत नसेल तर बिनधास्त उघडा.

आता कॅमेऱ्याबद्दल, कारण रोल कुठला घ्यायचा हे कॅमेराच सांगतो, आणि हीच गोष्ट ऑनलाइन कोणी नीट सांगत नाही. क्लिक थ्री हा आपल्या बडोद्याचाच कॅमेरा आहे, न्यू इंडिया इंडस्ट्रीज ही कंपनी तो आगफासाठी इथे बनवायची. जर्मनीत 1950 च्या दशकाच्या शेवटी क्लिक वन आणि क्लिक टू आले होते, हा त्यांचा इथला भाऊ. एके काळी मध्यमवर्गीय घरात कॅमेरा म्हणजे बहुतेक वेळा हाच, मुंज, बारसं, सहल सगळं यातच. आतमध्ये साधी लेन्स, फोकस कायमचा ठरलेला, शटरचा स्पीड एकच, साधारण सेकंदाचा पन्नासावा भाग, आणि ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत यायचं भोक, दोनच (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान), एक उन्हासाठी आणि एक ढगाळ हवेसाठी, अंदाजे एफ 11 आणि एफ 8 च्या आसपास. बस, एवढंच. म्हणजे तुमच्या हातात प्रकाश कमी-जास्त करायला जवळपास काहीच नाही, जे काही सांभाळायचं ते फिल्मने सांभाळायचं.

फिल्मवाल्यांचा एक जुना नियम आहे, कडक उन्हात एफ 16 ठेवा आणि शटर म्हणजे एक भागिले फिल्मचा स्पीड, स्पीड म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा. तर 100 स्पीडच्या फिल्मला उन्हात एफ 16 आणि 1/100 लागतं. तुमचा कॅमेरा देतोय एफ 11 आणि 1/50, म्हणजे ॲपर्चरचा एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त आणि शटरचा एक स्टॉप जास्त, मिळून दोन स्टॉप जास्त प्रकाश. निगेटिव्ह फिल्म हे आरामात पचवते. पण तुम्ही सगळे सांगतात म्हणून 400 ची फिल्म टाकली तर तेच चार स्टॉप होतात, म्हणजे हवा त्याच्या सोळापट प्रकाश, आणि मग निगेटिव्ह इतकं दाट काळं येतं की फोटोत आकाश, पांढरा सदरा, चुन्याची भिंत सगळं एकच पांढरं. आजोबांच्या काळात यात ऑर्वोचा एनपी 22 हा 125 स्पीडचा पूर्व जर्मनीचा रोल खूप चालायचा, नाहीतर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू. तेव्हा रोजच्या वापरातल्या फिल्मचा स्पीडच तेवढा असायचा, आणि असा कॅमेरा त्याच हिशोबाने बनवलेला असतो.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे, पहिला रोल इलफर्डचा एफपी फोर प्लस घ्या, 125 स्पीड, ब्लॅक अँड व्हाइट, वन-ट्वेंटी (120) साइझ, म्हणजे कागदासकट रिळावर गुंडाळलेला रुंद रोल. स्वस्तात हवं असेल तर चेक रिपब्लिकची फोमापॅन 100, ती पण छान आहे, फक्त ओली असताना तिच्यावर ओरखडे लवकर पडतात म्हणून धुताना सांभाळायचं. पावसाळ्यात, दिवसभर आभाळ भरलेलं असताना, तेव्हा मात्र एचपी फाइव्ह प्लस 400 टाका आणि ढगाच्या सेटिंगवर ठेवा, तेव्हा ती आरामात चालते. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो येतात, सहा बाय सहा सेंटिमीटरचे. ऑर्डर देताना वन-ट्वेंटीच लिहिलंय ना ते दोनदा बघा, 35 एमएमचा रोल यात बसत नाही.

रोल टाकताना दोन गोष्टी. एक म्हणजे आत एक रिकामी रीळ असायलाच पाहिजे, वन-ट्वेंटीमध्ये फिल्म एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जाते आणि परत गुंडाळत नाहीत. खूप जुन्या कॅमेऱ्यांतली ती रीळ हरवलेली असते, मग ज्या कोणाकडे रोल धुतला जातो त्याच्याकडून एक मागून घ्या, त्याच्याकडे ढिगाने पडलेल्या असतात. दुसरी म्हणजे ती लाल खिडकी. जुन्या काळच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसतच नव्हता, म्हणून खिडकी लाल. आजच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला सगळे रंग दिसतात, लालसुद्धा, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हात त्या खिडकीतून कागदाच्या आरपार प्रकाश शिरू शकतो आणि निगेटिव्हवर गोल डाग किंवा आकडा उमटतो. काळी इलेक्ट्रिकची टेप घ्या, तिचं एक टोक दुमडून पकडायला कान करा आणि खिडकीवर लावा, फोटो काढून झाला की सावलीत जाऊन टेप उचला, पुढचा नंबर मध्यभागी येईपर्यंत चावी फिरवा, टेप परत बसवा. चावी प्रत्येक फोटोनंतर लगेच फिरवायची सवय लावा, म्हणजे एकावर एक फोटो येणार नाही. रोल टाकायच्या आधी मागचं झाकण उघडं ठेवून लेन्समधून घरातल्या खिडकीकडे बघा, शटर दाबलं की उजेडाचा पटकन ठिपका दिसला पाहिजे, रेंगाळला तर आतलं तेल घट्ट झालंय, साफ करून घ्यावं लागेल. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरलेलं दिसलं तर ती बुरशी, बडोद्याच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या कॅमेऱ्यांचं हेच होतं. वरवरची असेल तर पुसून जाते, काच खाल्ली असेल तर नाही. आणि ती चामड्याची केस कितीही सुंदर असली तरी कॅमेरा त्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, संपलं.

रंगीत हवंच असेल तर कोडॅक गोल्ड 200, 2022 पासून ती वन-ट्वेंटीमध्ये पण मिळते. उन्हात तीन स्टॉप जास्त होईल पण रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश सहन करते, कमी प्रकाश सहन करत नाही, हे लक्षात ठेवा. तरी उन्हापेक्षा सकाळी लवकर किंवा सावलीत वापरा. एक्टार 100 हिशोबाने जास्त जवळ बसते, पण जास्त प्रकाशात तिच्यात चेहरे लालसर येतात, माणसांसाठी मला ती आवडत नाही. पोर्ट्रा 160 उत्तम आहे पण या लेन्सवर एवढे पैसे घालू नका, साध्या काचेच्या लेन्समध्ये कडेला रंग फाटतात, तेच ब्लॅक अँड व्हाइटमध्ये नुसती हलकी मऊ कड दिसते आणि देखणी दिसते. एक्टाक्रोम तर विसराच, ती स्लाइड फिल्म (निगेटिव्हऐवजी थेट खरे रंग दिसणारी), तिला अर्ध्या स्टॉपची चूक चालत नाही आणि इथे तुमच्याकडे प्रकाश मोजायला मीटर पण नाही.

गरबा या कॅमेऱ्यात होणार नाही, हे स्पष्टच सांगतो. रात्रीच्या मैदानावर 1/50 आणि एफ 8 ला कुठलीही फिल्म पुरणार नाही. त्यासाठी कोणाकडून 35 एमएमचा एसएलआर (लेन्समधूनच बघून फोटो काढायचा कॅमेरा) मागा, 50 एमएमची एफ 1.8 लेन्सवाला, त्यात एचपी फाइव्ह टाकून मीटर 1600 वर ठेवा आणि धुणाऱ्याला सांगा की दोन स्टॉप पुश करायचाय, म्हणजे जास्त वेळ धुवायचाय. सिनेस्टिल 800टी लोक गरब्यासाठी घेतात, दिव्यांभोवती लाल वलय येतं म्हणून. ती मुळात कोडॅकची सिनेमाची 500टी फिल्म, मागचा काळा थर काढलेली, तो थर नसल्यामुळेच उजेड मागे आपटून परत येतो आणि वलय पडतं. पण ती पिवळ्या बल्बच्या प्रकाशासाठी बनवलेली आहे, आणि आता मोठ्या मैदानांवर सगळीकडे पांढरे एलईडी, त्यात चणिया-चोळीचे लाल-केशरी रंग निळसर थंड पडतात. मला ते बघवत नाही. जुन्या शहरातल्या पोळांत (अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांत), छोट्या शेरी गरब्यात म्हणजे गल्लीतल्या गरब्यात, जिथे अजून पिवळ्या माळा लावतात, तिथे घ्या, तिथे ती खुलते.

मग क्लिक थ्रीने काय काढायचं? याचा फोकस साधारण दहा फुटांपासून पुढे, म्हणून नुसता चेहरा भरून येणारा फोटो विसरा, माणूस त्याच्या जागेसकट काढा. आजी झोपाळ्यावर बसलेली, मागे दाराची चौकट, ओट्यावर उजेड, असा फोटो हा कॅमेरा फार सुंदर काढतो, फक्त झोपाळा थांबवायला सांगा, 1/50 ला तो हलका झोका पण हलतो. आणि झोपाळा ओट्यावर किंवा चौकात असला पाहिजे, आतल्या खोलीत खिडकीच्या उजेडावर 400 ची फिल्म पण कमी पडते. सूर्य तुमच्या खांद्यामागे घ्या. एप्रिल-मे मध्ये दुपारी बाहेर पडू नका, न्याय मंदिर, मांडवी, लहरीपुरा दरवाजा सगळं वरून पडणाऱ्या उन्हात सपाट दिसतं, सकाळी नऊच्या आत जा, बाजूचा प्रकाश कमानींत शिरतो तेव्हा दगडाचं काम उठून येतं. सुरसागरच्या काठावरून संध्याकाळी पाच-साडेपाचला, हिवाळ्यात. चांपानेर पण, ते तर 2004 पासून जागतिक वारशात आहे आणि इथून तासा-दीड तासावर, तिथल्या मशिदींच्या कोरीव भिंती या चौकोनी फ्रेमसाठीच बांधल्यासारख्या वाटतात. ब्लॅक अँड व्हाइटने आपल्याकडच्या प्रकाशाचं काय होतं हे बघायचं असेल तर चित्रकार आणि फोटोग्राफर ज्योती भट्ट यांचे फोटो बघा, आपल्या बडोद्याच्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्समध्ये त्यांनी किती वर्षं शिकवलं, आणि गुजरात-राजस्थानच्या खेड्यांत फिरून भिंतीवरची चित्रं, रांगोळ्या, आणि त्या काढणाऱ्या बायका, सगळं टिपून ठेवलं. भिंतीचं चित्र आणि शेजारी उभी असलेली ती बाई, दोन्हींना सारखंच महत्त्व. तुमच्या कॅमेऱ्यालाही दहा फुटांवरून तेच जमतं.

रोल उन्हात ॲक्टिव्हाच्या डिकीत ठेवू नका, आपल्या मे महिन्यात आत भट्टी असते. फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरायच्या तास-दोन तास आधी बाहेर काढून पाकीट बंदच राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात थंड फिल्मवर दव धरतं. धुवायला शहरात फार पर्याय उरले नाहीत, बरेच जण कुरिअरने मुंबईला पाठवतात. पण ब्लॅक अँड व्हाइट घरी धुणं खरंच अवघड नाही, टँक, अंधारात हात घालायची काळी पिशवी, थर्मामीटर, डी-76 (चित्र उमटवणारं डेव्हलपर), फिक्सर (ते पक्कं करणारं रसायन), एवढंच सामान. अडचण एकच, सगळे वेळ 20 अंशांच्या पाण्याचे दिलेले असतात आणि आपल्या नळाला उन्हाळ्यात तिशीच्या वरचं पाणी येतं. बर्फाची पिशवी बाहेरून लावून मी ते 24 पर्यंत आणतो आणि वेळ साधारण तीस टक्क्यांनी कमी करतो, म्हणजे दहा मिनिटांच्या जागी सात. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, मग रोल एकसारखा धुतला जात नाही, पट्टे येतात. फिक्सर आणि धुवायचं पाणी पण त्याच्या जवळपासच्या तापमानाचं ठेवा.

बाहेर दिलात तर निगेटिव्ह परत पाहिजेत असं आधीच लिहून द्या, आजकाल काही ठिकाणी नुसते स्कॅन पाठवतात आणि निगेटिव्ह फेकून देतात. सोबत रिकामी रीळ पण मागा, पुढच्या रोलला लागेल. आणि घरात जुने अल्बम असतील, काळ्या कागदाचे, कोपऱ्यात खाचा लावलेले, तर त्यातले छोटे चौकोनी फोटो मोजून बघा, कडेने सव्वादोन इंचाच्या आसपास भरले तर ते याच साइझच्या निगेटिव्हवर कागद ठेवून थेट छापलेले आहेत. तुमचे बारा निगेटिव्ह पण तसेच छापता येतात, एनलार्जर लागत नाही, एक काच, फोटोपेपर, अंधारात काम करायला लाल बल्ब, कागदावर क्षणभर उजेड टाकायला साधा बल्ब आणि कागद धुवायची रसायनं पुरतात. पहिला रोल धुवून झाला की इथेच कळवा, निगेटिव्ह उजेडाकडे धरून मोबाइलवर काढलेला फोटो टाकलात तरी चालेल, दाट आलंय की पातळ ते बघून दुसऱ्या रोलला स्पीड कुठला घ्यायचा ते सांगतो.