दोरी हातात घेण्याआधी

लेकरा,

भरतीसाठी पहाटे पळतोस, सोळाशे मीटरचा टायमिंगही चांगला बसतोय. आता वसतिगृहातल्या अंध दोस्ताला स्पर्धेत उतरवायचं आणि त्याचा गाईड रनर, म्हणजे दोघांनी एकच दोरी धरून त्याच्या शेजारी पळणारा, तू व्हायचं म्हणतोस. वाचून फार बरं वाटलं.

पण शर्यत त्याची आहे, हे आधी मनात पक्कं कर. मला ते उशिरा कळलं. एका स्पर्धेत मी ज्याचा गाईड होतो त्या पोराचा शेवटच्या वीस मीटरला दम तुटला. मी दोरी ओढली आणि त्याच्या आधी रेषेवर गेलो. बाद! गाईडनं ओढायचं नाही, ढकलायचं नाही आणि रेषा धावपटूच्या मागूनच ओलांडायची, हा नियम आहे. त्याच्या घरचे गावाहून जीप करून आले होते. तो मला एका शब्दानं बोलला नाही. अजून टोचतं ते.

दम तुझा त्याच्यापेक्षा जास्त हवा. त्याच्या वेगात पळताना तुला बोलता आलं पाहिजे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. रेषा काही मीटरवर असताना तिच्या गाईडला क्रॅम्प आला. त्याला सावरताना तिच्या हातातली दोरी क्षणभर सुटली आणि तिला बाद ठरवलं. त्याच पॅरिसमध्ये आपल्या सिमरन शर्मानं अभय सिंगच्या सोबतीनं २०० मीटरला टी-१२ गटात, म्हणजे थोडंफार दिसणाऱ्यांच्या गटात, कांस्य मिळवलं. तुझा दोस्त पूर्ण अंध, म्हणजे टी-११. तिथं सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी असते, कुणाला थोडा उजेड दिसत असला तरी.

दोरी ताणणारी नको, रबर तर नकोच. सरावाला बुटाची जाड नाडी चालते. दोन्ही टोकांना फास कर, एक त्याच्या बोटांत, एक तुझ्या. मग शाळेतली तीन पायांची शर्यत आठव. त्याचा उजवा पाय पडतो तेव्हा तुझा डावा पडला पाहिजे, शेजारचे दोन्ही हात एकदमच पुढे गेले पाहिजेत. नाडी सैल राहिली की समज, जमतंय. आठवडाभर नुसतं चाला, घाई नको.

बोलणं मोजकं ठेव. "वळण, तीन, दोन, एक, डावीकडे." "चढ." "पन्नास राहिले." "सांभाळ रे" म्हणू नकोस. त्यातून त्याला काहीच कळत नाही, नुसता तो बिचकतो.

आणि मैदान रोज आधी पायी फिरून बघ. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यात पाऊल अडकलं तर घोटा गेलाच. पावसाळ्यात ढेकळं नि चिखल. त्या दिवसांत सरळ डांबरी रस्ता धर, पण गाड्यांच्या बाजूला तू राहा.

रविवारी दोघं या. पहिली पट्टी तुझ्या डोळ्यांवर बांधू. दोरीचं दुसरं टोक मी धरतो, त्याला कडेला बसून तुझी पावलं ऐकू दे.

तुझा,
सर