थायरॉइडवर संशोधन करायचंय, मग पुन्हा नीट द्यायची का?

प्रश्न : मुलगी बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा देऊन झाली. माझं थायरॉइडचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं त्यावरच वाचन चालतं. ‘प्रायमरी सिलिया’वर संशोधन करायचं म्हणते. तिचे बाबा म्हणतात, त्यासाठी आधी डॉक्टर हो. काय करावं? – एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई, नीट पुन्हा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रुग्ण तपासायचे असतील तर एमबीबीएसला पर्याय नाही. पण तुमच्या लेकीचा प्रश्न पेशीचा आहे, आणि तिकडची वाट बीएस्सीवरूनच जाते.

थायरॉइडमध्ये पेशी गोलाकार रचलेल्या असतात आणि मध्ये कोलॉइड हा दाट द्रव भरलेला असतो. पेशीतून केसासारखा एकच तंतू त्या कोलॉइडमध्ये डोकावतो, तो प्रायमरी सिलियम (अनेकवचन सिलिया). तो हलत नाही, बाहेरचे संदेश टिपतो. हर्थल नावाच्या फुगीर थायरॉइड पेशींच्या कर्करोगात हे तंतू फार कमी झालेले दिसतात. थायरॉइडच्या नेहमीच्या, पॅपिलरी प्रकारच्या कर्करोगात मात्र ते बहुधा टिकून असतात. मग तंतू गेल्यानं पेशी बिघडते, की बिघडलेली पेशी तंतू गमावते? यावर अजून काम चालू आहे. असा प्रश्न ज्या पोरीला सतावतो, तिला अडवू नका. फक्त तुमच्या रिपोर्टचा अर्थ तिनं यातून लावू नये. तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आवड खरी आहे का, हे आधी तपासू द्या. पॅथॉलॉजीच्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर हा तंतू सहसा ओळखू येत नाही. अँटिबॉडीनं रंगवून, अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी पाहत तासन्‌तास मोजणी करावी लागते. हे काम तिला रमवतं का? देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप देतात, तिचा अर्ज तिनं यंदाच भरावा.

पुढे आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षेतून एमएस्सी, मग सीएसआयआर-नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी. पुण्याचं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र), खारघरचं टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक इथं कर्करोगाच्या पेशींवर काम चालतं. नेटमधून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात आणि नंतरही पक्की नोकरी लगेच मिळेलच असं नाही, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा.

आणि जॅमच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात फिजिक्स, केमिस्ट्री, गणितही असतं. बारावीनंतर गणित सुटलं असेल तर या सुट्टीतच हाती घ्यायला सांगा.