बाजारातली म्हैस ठणठणीत दिसते, तरी रोग गोठ्यात कसा येतो?

शहापूरकडच्या सदस्याने विचारलंय की बाजारातून दोन दुभत्या म्हशी घ्यायच्या आहेत, डॉक्टरांनी जागेवर तपासल्या तर पुरे का? पुरे नाही. लाळ-खुरकूतीची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस जातात आणि तोंडात फोड यायच्या आधीच जनावर विषाणू सोडू लागतं. लम्पीच्या गाठी उठायला तर चार आठवडेही लागू शकतात.

म्हणून तब्येतीइतकाच जनावराचा मागचा महिना विचारा. कुणाच्या दावणीला होतं? मागच्या बाजाराला आलं होतं का? सगळ्यात जोखमीचं जनावर म्हणजे न विकलं गेलेलं. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, ते परत नेतो, चार-आठ दिवसांनी दुसऱ्या बाजारात उभं करतो, आणि रोग त्याच्याच पायांनी पुढच्या बाजारात जातो. मुरबाडजवळच्या म्हसा यात्रेतल्या गुरांच्या बाजारासारख्या ठिकाणी लांबलांबची जनावरं एकत्र येतात नि चहूकडे पांगतात. 2022 मध्ये लम्पी पसरला तेव्हा राज्यात गुरांचे बाजार बंद ठेवले ते यासाठीच. ब्रिटनमध्ये 2001 साली लाळ-खुरकूत फेब्रुवारीत उघडकीला आली, तोवर मेंढ्यांच्या बाजारांतून ती दूरदूर पोचली होती.

कानातला 12 अंकी बिल्ला बघा, त्यावरून डॉक्टरांना लसीची नोंद काढायला सांगा. कालच टोचलेली लस आज कामाची नाही, दोन-तीन आठवडे आधीची हवी.

टेम्पो भरण्याआधी फळ्यांच्या फटीतलं ओलं शेण खरवडून काढायला लावा. शेण राहिलं तर वरून ओतलेलं औषध वाया जातं. मग 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून धुवा.

घरी आणल्यावर 28 दिवस वेगळं छप्पर. त्याच गोठ्याच्या टोकाला बांधणं म्हणजे वेगळं बांधणं नव्हे. बादली, दावं, फावडं, गमबूट सगळं वेगळं. आधी घरच्या म्हशींची धार, नवीच्या शेवटी. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. लम्पी माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत येतो, तेव्हा जाळी आणि गोचीडनाशकही लागेल. सकाळ-संध्याकाळ ताप मोजा, 103 फॅरनहाइटच्या वर गेला की 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन करा.

सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेला, मात्र 28 दिवसांत उघड होत नाही. त्यासाठी व्यवहाराआधी रक्त तपासा, गाभण जनावराचं तर नक्कीच.

आणि ताप निघालाच, तर म्हैस हेड्याला परत देऊ नका. ती पुढच्या बाजारात उभी राहील.